घाईची कातडी

५ मार्च, बुधवार

ही वही अनिताने आणली, माझ्या सुनेने, हरेशच्या बायकोने. पेणच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे की रोज काय खाल्लं ते लिहायचं. मी म्हटलं, बाई, चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून सहीशिवाय काही लिहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, जमेल तसं लिहा मावशी, मला काय परीक्षा घ्यायची नाही. म्हणून लिहिते.

सकाळी चहा, तांदळाची भाकरी. दुपारी भात, वालाचं बिरडं. रात्रीचं अजून व्हायचं आहे.

एवढंच झालं. पान तर अख्खं उरलं आहे. कोरं टाकवत नाही, म्हणून बाकीचं पण लिहिते.

माझ्या अंगावर खपल्या आहेत. आधी कोपरांवर आल्या, मग गुडघ्यांवर, आणि गेल्या पावसाळ्यापासून हातांच्या पाठीवर. लाल चट्टा आणि त्यावर पांढरा पापुद्रा, वाफ्यात मीठ धरायला लागतं ना तसा. मी नि माझे मालक हिरामण, आम्ही दोघांनी आयुष्य मिठागरात काढलं, त्यामुळे मला वाटायचं मीठच अंगात मुरलं. पण तसं म्हणावं तर मालकांची कातडी बघा, वांग्यासारखी तुकतुकीत.

आजवर मी कधी डॉक्टरकडे गेले नाही. खोबरेल लावायचं आणि बाह्या ओढून घ्यायच्या. रविवारी मात्र निडीला गेले आणि सगळं बदललं. निडी म्हणजे रोह्याच्या अलीकडे, तिथे माझी लेक समीक्षा दिली आहे. तिचं डोहाळजेवण होतं. हिरव्या साडीत पोर अशी दिसत होती की मला डोळे भरून बघवेना, दृष्ट लागेल म्हणून. मी ओटी भरायला पुढे झाले, नारळ हातात घेतला, तर माझी विहीण गिरजाबाई म्हणाली, "राहू द्या विहीणबाई, ओटी अनिता भरील." सगळ्या बायकांत. मग जेवताना म्हणाली, बाळंतपण रोह्यालाच करू, दवाखान्यात नाव घातलं आहे, न्हाऊ-माखू मीच घालीन. पहिलं बाळंतपण माहेरी असतं हे काय तिला ठाऊक नाही? पण ती माझ्या हातांकडे बघत होती. मी हात पदराखाली घेतले.

फार तोऱ्याची बाई आहे. घरात, चुलीपाशी, या उकाड्यात पायात मोजे घालून बसली होती. शेतकऱ्याचं घर, वालाची रास पडवीत, आणि हिचे मोजे.

परत येताना गाडीत पण मी हात पदराखालीच ठेवले. अनिताने ओळखलं आणि आज धरून डॉक्टरकडे नेलं.

तिथे जे ऐकलं ते ऐकून अजून माझं डोकं ठिकाणावर नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला सोरायसिस म्हणतात. आपल्या अंगात रखवालदार असतात, रोग आला की त्याच्याशी मारामारी करणारे. माझे रखवालदार चुकले आहेत. त्यांना माझीच कातडी परकी वाटते आणि ते तिच्यावर धावतात. त्यामुळे कातडी घाबरून भराभर वाढते. माणसाची कातडी महिनाभराने बदलते म्हणे, माझी चार-पाच दिवसांत. जुनी पडायला वेळच मिळत नाही, वर नवी येऊन बसते.

मला तर हे माहीतच नव्हतं की चांगल्या माणसाची पण कातडी बदलते. म्हणजे मालकांची पण? सासूबाईंची पण बदलत होती? एवढी वर्षं आम्ही कातड्या टाकत चाललो आणि कुणाला पत्ता नाही.

मग मी विचारायचं ते विचारलं. बाळाला लागेल का? त्या म्हणाल्या, "हे कुणाला लागत नाही, मावशी. बाळाला नाही, कुणालाच नाही." मी परत विचारलं. त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातात धरले आणि परत तेच सांगितलं. तसेच उघड्या हातांनी धरले. हातमोजा नाही की काही नाही.

पथ्य असं: सुकट बंद, लोणचं बंद, पापड-फरसाण बंद, बेकरीचे टोस्ट बंद, चहात साखर कमी. ताजी मासळी खा म्हणाल्या, बांगडा तर जरूर खा, पालेभाजी खा, वाल-मूग खा, वजन थोडं उतरवा. आणि मलम रोज. नुसत्या पथ्यावर हे हटत नाही, मलम सोडायचं नाही, असं तीनदा बजावलं. हे कायमचं जात नाही पण झोपून राहतं, हे पण सांगितलं.

झोपू दे. मे संपेपर्यंत झोपलं तरी पुरे. समीक्षाचे दिवस तेव्हा भरतात. माझ्या लेकीच्या बाळाला मला माझ्या हातांनी न्हाऊ घालायचं आहे. हात स्वच्छ दिसले तर गिरजाबाई काय बोलेल?

९ मार्च

बांगड्याचं कालवण, भात, माठाची भाजी. चहा बिनसाखरेचा. बिनसाखरेचा चहा म्हणजे नळाखाली भांडं धुतल्याचं पाणी.

घरात सुकटीचा डबा होता तो शेजारी देऊन टाकला. मालकांना म्हटलं, तुमच्यासाठी वेगळी भाजून ठेवीन. ते म्हणाले, नको, हल्ली मलाच सुकट पचत नाही. गेल्या आठवड्यात तर वाटीभर खाल्ली होती. वय झालं आता त्यांचं, पोट कधी फिरेल सांगता येत नाही.

१३ मार्च, होळी

पुरणपोळी अर्धी. अर्धीच, देवीची शपथ. बाकी अर्धी मालकांच्या पानात.

२२ मार्च

कोपरावरची खपली निघाली ती परत आलीच नाही. खाली लालसर आहे, पण गुळगुळीत. मी दुपारभर कोपराला बोट लावून बघत बसले. उकडलेल्या अंड्याचं कवच सोलल्यावर आतून कसं निघतं, तसं. हे माझंच आहे, एवढी वर्षं खाली होतं, आणि माझी ओळख नव्हती. अनिताला दाखवलं, मालकांना दाखवलं, मासळीवालीला पण दाखवलं. तिने फक्त बांगडे मोजले.

सकाळी नाचणीची भाकरी, दुपारी बोईट मासा आणि भात, रात्री मुगाची आमटी. उद्यापासून शेजारच्या सरूकडे पापडाचं काम सुरू. पेणच्या व्यापाऱ्याचा पापड दरवर्षी आम्ही पाच-सहा बायका सरूच्या पडवीत लाटतो.

२९ मार्च

सरूकडे सबंध दिवस. घरून डबा नेला होता, भाकरी आणि शेवग्याची भाजी. पापड भाजलेला तोंडात घातला नाही. सगळ्या जणी म्हणाल्या, गोदू, तू तर साधूच झालीस गो.

सरूचा हात पिठाला असा बसला आहे की काय सांगू. उडदाचं पीठ, मिरी, हिंग, पापडखार. कुटून कुटून लोण्यासारखं करते. लाट्या पाडल्या की एखादी तेलात बुडवून तोंडात टाकायची, मग दुसरी, हात लाटण्यावर चालतो आणि गप्पा पण चालतात. बायकांचा दिवस कसा जातो कळत नाही. पापडखार हाताला लागून थोडी चुरचुर होते तेवढीच. पोलकं पण मी आता अर्ध्या बाहीचं घालते.

३ एप्रिल

हातांवर परत आलं. पहिल्यापेक्षा जास्त. भेगा पडल्या आहेत.

माझं काय चुकलं? मागची पानं परत परत वाचली. सुकट नाही, लोणचं नाही, फरसाण नाही, मलम एक दिवस चुकवलं नाही. देवाला काय माझं हे एवढं सुख पण बघवत नाही? समीक्षाचा फोन आला, मी तिला सांगितलं हात छान आहेत. खोटं बोलले. ती म्हणाली, आई, बाळ लाथा मारतं, फोनला कान लाव. फोनमधून कुठे लाथ ऐकू येते? पण मी कान लावला आणि ऐकू आली असं म्हटलं. दोनदा खोटं झालं.

रात्री भात-वरण. जेवण गेलं नाही.

७ एप्रिल

आज मालक मला हाक मारायला सरूच्या पडवीत आले आणि दाराशीच उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "गोदू, तुजा जबडा मगापासून चाललाय. ते काय, भजन करतेस?"

बायका हसायला लागल्या. मी पण हसले. मग तोंडातली लाटी तशीच राहिली, मला गिळवेना की थुंकवेना.

लाटी. देवीची शपथ, लाटी खाणं म्हणजे खाणं असं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आमच्याकडे कुणी लाटीला खाणं म्हणत नाही. उपासाच्या दिवशी सुद्धा बायका चुकून टाकतात तोंडात आणि मग जीभ चावतात. पीठ कसं झालं ते बघायला नको का? आणि मी तर बघत होते, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत.

संध्याकाळी अनिताने डॉक्टरीणबाईंना फोन लावून दिला. मी घाबरत सांगितलं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, मावशी, एवढा खार आणि मीठ रोज दिवसभर, ते एक आहेच, पण तुमच्या हातांना तो खार लागतो, चट्टे त्याने चिडतात. लाटायचं काम सध्या नको. सरूला सांगितलं. ती म्हणाली, तू नुसती बस आणि गोष्टी सांग, तुझ्या वाटचं मी लाटते. पण गोष्टी सांगताना तोंड मोकळं ठेव.

मालकांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते पाणी प्यायला उठले. आमच्या घरात त्यांनी पण एक महिना झाला लोणचं खाल्लेलं नाही. मी आज बघितलं, बरणी भरलेली आहे. पोटाला काय झालं आहे या माणसाच्या, एकदा दाखवायला हवं.

२४ एप्रिल

सांगायला हवं असं झालं. सकाळी न्हाऊन उन्हात बसले होते. तळहात तर स्वच्छच आहेत, पण हाताच्या पाठीवर बघते तो चट्टे फिके, खपली नाही. डाव्या हातावर एक उरला आहे, चिंचोक्याएवढा. बोटांच्या पेरांवर माझ्या लग्नातल्या सुरकुत्या, म्हणजे तेव्हा सुरकुत्या कुठल्या, पण त्या रेषा त्याच, मी ओळखल्या. माणूस गाव सोडून जातो आणि म्हातारपणी परत येतो तसं वाटलं. या हातांनी मी मीठ ओढलं, तीन बाळंतपणं केली, आणि यांना लपवत फिरले.

रखवालदारांना कुणी सांगितलं असेल की ही गोदू आपलीच आहे? बांगड्याने सांगितलं की मलमाने? डॉक्टरीणबाई म्हणतात, दोघांनी मिळून. मी हात जोडले, कुणाला ते मला पण कळलं नाही.

८ मे

गावदेवीची जत्रा. समीक्षा दोन दिवसांसाठी आली आहे, आदेशने गाडी करून सोडली, जावई माझा रोह्याला कंपनीत आहे, रात्रपाळी करून तसाच आला होता. गिरजाबाईने पाठवताना सांगितलं आहे म्हणे, परवा परत आणायची.

पोट खाली आलं आहे. मी काही बोलले नाही.

१० मे, शनिवार

मुलगी. पेणच्या दवाखान्यात, पहाटे. दोन आठवडे आधीच आली, पण तीन किलोला थोडी कमी, आणि आवाज असा की धरमतरच्या जेटीवर ऐकू जावा.

नर्सने कपड्यात गुंडाळून आणली आणि माझ्याकडे धरली. मी हात मागे घेतले. मला माहीत आहे लागत नाही. डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं आहे. तरी हात मागे गेले. अनिताने घेतली. मी नुसतं बघितलं. कानाची पाळी कळीच्या पाकळीएवढी आणि तिला पण वळण आहे. कोणी बसून केलं असेल हे, नऊ महिने, पोटात, अंधारात?

१३ मे

गिरजाबाई आली, पिशवी घेऊन, राहायला. नाळ पडली की न्हाणं मी घालणार, असं आल्या आल्या सांगितलं. मी माझे हात समोर ठेवले, मुद्दाम, चहा देताना. तिने बघितले. कप धरताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली आणि तिने काढून घेतली नाहीत. चांगली बाई आहे असं मला वाटायला लागेल अशी भीती वाटते.

मोजे अजून आहेत. मे महिना, खाडीची हवा, आणि मोजे.

१८ मे, रविवार

काल नाळ पडली. आज न्हाणं. मी पाणी तापवलं, तेल, बेसन, सगळं मोरीत मांडलं आणि दाराशी उभी राहिले. गिरजाबाई पाटावर बसली, लुगडं घोट्यापर्यंत, मोजे तसेच. बाळ पायांवर घेतलं तर ते घसरायला लागलं. ओल्या कापडावर तेल लावलेलं पोर थांबतं होय? पोरीने आकांत केला. मी म्हटलं, लुगडं वर घ्या, पाय उघडे लांब करा, दोन पायांच्या खळीत बाळ आपोआप बसतं. तिने ऐकलंच नाही. मग एकदम म्हणाली, "तुम्ही आत या. दार लावा."

मी आत गेले, दार लावलं. बाळ तिच्या छातीशी, टॉवेलात. तिने एका हाताने मोजे काढले आणि लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

दोन्ही पायांवर कोड. गुडघ्यापासून बोटांपर्यंत पांढरे तुकडे. लावणीच्या आधी खाचरात पाणी भरतं आणि आभाळाचे तुकडे तुकडे जमिनीवर दिसतात, तसे. मला तेच आठवलं, आणि मी तेच तिला सांगितलं. दुसरं काही सुचलंच नाही.

ती भिंतीकडे बघत बोलत होती. आदेश झाला तेव्हा कोड नुकतंच आलं होतं. सासूने मोरीत येऊ दिलं नाही, पोराला लागेल म्हणाली. सगळं न्हाणं सासूने घातलं, ही दाराशी उभी. एकुलता एक पोरगा, आणि त्याला कधी न्हाऊ घातलं नाही. मला येतच नाही, म्हणाली.

मग म्हणाली, "ओटीच्या वेळी तुमचा हात बघितला, नि माज्या तोंडातून माजी सासू बोलली. मना तवाच कळलं. पन शब्द माघारी घेता येत नाय."

अडीच महिने मी या बाईशी मनात भांडत होते. मी तिच्याजवळ ओल्या फरशीवरच बसले आणि रखवालदारांचं सगळं सांगितलं. तुमचे पण तसलेच चुकलेले असतील, मला नक्की माहीत नाही, आपण डॉक्टरीणबाईंना विचारू. ती ऐकत होती, लहान मुलं गोष्ट ऐकतात तशी. मग म्हणाली, "म्हंजी, कुनाची चूक नव्हती?" मी म्हटलं, कातडीची तर नव्हतीच.

आज बाळाला नुसतं पुसून घेतलं. पाणी गार झालं होतं.

१९ मे, सोमवार

आज घातलं.

गिरजाबाई पाटावर बसली, पाय उघडे. मी समोर चौरंगावर. म्हटलं, आज पाय तुमचे, हात माझे, उद्या तुम्ही हात चालवा, मी शिकवीन. दार मी लावायला गेले तर ती म्हणाली, राहू द्या उघडं. समीक्षा बाजेवरून बघत होती, अनिता पाणी घालायला. समीक्षाने सासूचे पाय बघितले. डोळे पुसले आणि म्हणाली, आई, पाणी फार गरम नाही ना. दोघी आयांनी एकदम नाही म्हटलं.

पोर त्या पायांच्या खळीत अशी बसली की तिच्यासाठीच केली असावी. मी तेल घेतलं. पहिल्यांदा तिला हात लावला. छाती, पोट, मांड्या. माझ्या तळहाताखाली एवढंसं काळीज पाखरासारखं धडधडत होतं, आणि ती रडायची थांबली. माझ्याकडे बघत होती. त्या वयात दिसत नाही म्हणतात. म्हणू देत.

मग पाऊल हातात घेतलं, आणि टाचेवर पापुद्रा. पांढरा, पातळ, निघालेला. घोट्यापाशी पण. बोटांत पण.

माझा हात थांबला. गिरजाबाईने बघितलं. पापुद्र्याकडे, मग माझ्या हातावरच्या त्या चिंचोक्याएवढ्या चट्ट्याकडे. अनिताच्या हातात तांब्या तसाच. मला वाटलं, आता ती बाळ उचलेल, आणि मी तिला अडवणार नाही.

मग मला समीक्षा आठवली, बारा दिवसांची. अंगभर अशीच सोललेली. हरेश पण. मी म्हटलं, "विहीणबाई, सगळ्या पोरांची निघते. पोटात पाण्यात ऱ्हायलेली कातडी ती, हवेत आली की टाकतात. समीक्षाची निघाली तवा माज्या अंगावर एक ठिपका नव्हता."

सांगताना माझा आवाज बारीक झाला. कारण हे मला ठाऊक होतं आणि तरी मी भ्याले होते.

तिने बाळाचं पाऊल आपल्या बोटांत धरलं. अंगठ्याने तो पापुद्रा हळूच पुसला. खालून जी कातडी निघाली ती अशी होती की तिला रंगच नव्हता म्हणावं, नुसता उजेड. किती वेळ ती बघत होती. तिने हे कधी बघितलंच नव्हतं, एवढं मोठं पोर वाढवून.

मग पाऊल तिने परत माझ्या हातात दिलं.

"घासा," म्हणाली. "पानी निवतंय."